मोतीबिंदू पिकू दे, म्हणालात

प्रिय अण्णा,

आज सकाळी तांदूळ निवडता निवडता माय म्हणाली, "उजव्या डोळ्यापुढं जाळं आल्यागत दिसून राहिलं." मी म्हटलं, चल दवाखान्यात. तर म्हणते, "काहून? मोतीबिंदू असंल. पिकू दे." तुमचंच वाक्य, अगदी तुमच्याच सुरात. हातातलं सूप मी आपटलं. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही. आज राहवत नाही. मी रागावले आहे, अण्णा, आणि हा राग जुना आहे.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो उन्हाळा. कुरुंद्यात घरोघर हळद वाळत होती आणि ती पुरती वाळली का, हे सांगायला तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही ढिगातली एक कांडी उचलायचात, कानाजवळ न्यायचात आणि डोळे मिटून मोडायचात. खणकन वाजली तर पोत्यात भरा, नाही तर आणखी ऊन द्या.

"अण्णाला डोळे कशाला पायजेत?" लोक म्हणायचे. तुम्हीही हसायचात. त्या हसण्याआड किती छान लपलात!

एकदा वसमतचा व्यापारी तुमच्या डाव्या हाताला बसला होता आणि तुम्ही मोडलेली कांडी उजवीकडच्या खांबापुढं धरलीत. "अण्णा, म्या हिकडं हाय. खांबासंग भाव ठरवता का?" सगळं अंगण हसलं. मला हसू आलं नाही. घरी येऊन विचारलं, तर म्हणालात, "मोतीबिंदू हाय. वसमतच्या डॉक्टरनं पाह्यलं. पिकू दे म्हणला, मग काढू." डॉक्टर म्हणाला म्हटल्यावर मी ते खरं मानलं.

आपण आखाड्यावर, शेतातल्या घरात राहायचो, शाळा लांब, म्हणून तिसरीपर्यंत तुम्हीच मला शिकवलंत. त्या उन्हाळ्यात, मी कॉलेजात जात असताना, तुम्ही मला पुन्हा पेपर घेऊन समोर बसवायला लागलात. "मोठ्यानं वाच. उच्चार बघू दे." मी कुरकुरत वाचायचे. एका संध्याकाळी मात्र शंका आली. पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि मनानंच बातमी रचली, औंढ्याच्या जत्रेत हत्ती सुटला म्हणून. तुम्ही माझ्याच तोंडाकडे बघत होतात. म्हणालात, "उच्चार साफ हाय. फुडं वाच."

पुढची बातमीही मी मनानंच रचली.

तुम्हाला नांदेडला नेलं, तिथून औरंगाबादला. डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर मेंदूत आहे, तिथून डोळ्यांत उतरला आहे. मोतीबिंदू नव्हताच. वसमतच्या कुठल्या डॉक्टरकडे तुम्ही कधी गेलाही नव्हतात. डोक्याला उपरणं करकचून बांधून 'ऊन लागलं' म्हणायचात, तेही खोटंच. आणि माय! ताट वाढून "भाजी उजवीकडं, भाकर हाताखाली" असं सांगत राहायची. मला वाटायचं, नवऱ्याचे लाड चाललेत. तिला सगळं ठाऊक होतं.

"काहून लपवलं?" मी तुम्हाला खाटेपाशी विचारलं.

"हळदीचे दिवस होते, पोरी. आंधळ्याला ढिगापाशी कोन बोलावतं?"

अण्णा, तुमच्या कामाला डोळे लागतच नव्हते. सबंध गाव हसत हसत रोज तुम्हाला हेच सांगत होतं. तुम्हाला ती नुसती थट्टा वाटली?

काका म्हणतात, लवकर नेलं असतं तरी काय झालं असतं? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. पण ते 'सांगता येत नाही' आमचं होतं. मायचं होतं, माझं होतं. आम्ही त्याच्या मागं धावलो असतो. ते तुम्ही एकट्यानं ठरवून टाकलंत.

शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पेपर वाचून दाखवत होते, खरा. तुम्ही मधेच म्हणालात, "त्यो औंढ्याचा हत्ती घावला का गं?"

मी पेपर खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पेपराचा आवाजच न्हाई आला त्या दिवशी. मला कानानं कळतं, इसरली का?"

म्हणजे मला कळलंय, हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी म्हणालात, फुडं वाच. यावर मी काय करावं? हसावं? त्या दिवशी हसले, तुमचा हात धरून. त्याचाही आता राग येतो.

उद्या सकाळच्या नांदेड गाडीनं मायला घेऊन जाते. "हळद शिजवायची हाय" म्हणून ती रुसून बसली आहे. मी तिची हिरवी साडी काढून ठेवली आहे. डॉक्टर तिचे डोळे तपासतील तेव्हा मी शेजारी उभी राहीन आणि ते जे सांगतील ते तिला जसंच्या तसं सांगेन, गोड असो की कडू. आमच्या घरात यापुढं कुणाचा डोळा कुणी पिकू देणार नाही, हा माझा शब्द.

साधा मोतीबिंदूच निघू दे, अण्णा. निघाला, तर परत येऊन तुमच्याशी सावकाश भांडेन.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
रेखा