शब्द तिचे, आवाज माझा

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. सहा वर्षं झाली ना! तरी फेकू नकोस. आत एक पेनड्राइव्ह आहे, त्याचं शेवटी सांगते. आधी एक अजब गोष्ट ऐक, माझ्या अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी एका मंडळात जाते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, अर्थात फुकट. वाचनालयामागची अडगळीची खोली, भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, आवाज नको म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागतात, पण मी खूश. एकीने वाचायचं आणि दुसरीने ऐकून चुका काढायच्या, असा नियम. चुका काढणं म्हणजे तुझ्या ताईच्या हातचा मळ!

यंदा फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका अंध मुलीचं जाडजूड पुस्तक आलं. परीक्षा महिन्यावर. अर्धं माझ्याकडे, अर्धं एका नर्सबाईंकडे. ही बाई ड्यूटी संपवून धापा टाकत यायची आणि मागे कुणी लागल्यासारखी वाचायची. तिच्या तीन प्रकरणांत मला एकसष्ट चुका सापडल्या. तिला सांगायचं सोडून मी ती तिन्ही प्रकरणं पुसली आणि माझ्या आवाजात भरून टाकली. वाटलं, तिचे कष्ट वाचवले. कळल्यावर तिने मला 'हेडमास्तरीण' म्हटलं, मीही काही कमी बोलले नाही, आणि ती ताडताड निघून गेली. मंडळात दोन तट पडले. पुस्तक अर्धवट, आणि त्या मुलीचा रोज फोन.

मंडळ चालवणारे काका जन्मापासून अंध. पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होते. मला वाटलं, चूक कुणाची ते सांगतील आणि मिटवतील. छे! त्यांनी दोघींना बोलावून आपापली तक्रार कागदावर लिहायला लावली आणि कागदांची अदलाबदल केली. माइकसमोर तिची तक्रार मी वाचायची, माझी तिने. जिचा कागद तिने 'हो, हेच म्हणायचं होतं मला' म्हटल्याशिवाय सुटका नाही.

मी झोकात वाचलं. काका म्हणाले, बाई, शब्द तिचे आहेत, पण मुरडलेलं नाक तुमचंच ऐकू येतंय. पुन्हा. पाचव्यांदा मी त्या ओळीवर आले: 'आठ तास उभी राहून येते, आणि माझा आवाज पुसताना मला विचारावंसंही वाटलं नाही?' काय सांगू, तिचा सगळा शीण माझ्या घशात उतरला. नर्सबाईंनी नुसती मान हलवली. 'हो' ऐकू येईना, तसे काका ओरडले, मान हलवली असेल तर मला दिसत नाही, तोंडाने बोला! आम्ही दोघी रडता रडता हसलो. मग तिने माझा कागद वाचला. 'एक शब्द चुकला तर त्या मुलीचं वर्ष जाईल,' हे मी रागाने लिहिलेलं. तिच्या तोंडून ते किती भेदरलेलं ऐकू आलं! अगं, मला भीती वाटत होती हे मलाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पोरांची भांडणं अंगठे धरायला लावून मिटवली, पण हे असलं काही जन्मात बघितलं नव्हतं. नर्सबाईंनी आपली प्रकरणं पुन्हा वाचली, या वेळी मी शेजारी बसून. पुस्तक वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी कपाटातून तुझं ते चार पानी पत्र काढलं, आई गेल्यावर लिहिलेलं. त्याच्या समासात मी ओळीओळीला लाल पेनने उत्तरं लिहून ठेवली होती. तुझे दिवस भरत आले होते, धक्का नको, म्हणून आईचं दुखणं तुझ्यापासून लपवलं. तेव्हाही वाटलं, तुझा त्रास वाचवला. तेव्हाही विचारलं नाहीच. ते पत्र घेऊन मी त्या खोलीत गेले आणि माइक लावला. पहिल्यांदा माझंच मुरडलेलं नाक. नवव्यांदा 'ताई, तू मला आईचा निरोपही घेऊ दिला नाहीस' इथे मला पुढे वाचवेना. ती थांबलेली जागा तशीच ठेवली आहे. चुकलंच माझं, चिमणे. पेनड्राइव्हमध्ये तेच आहे. बरोबर वाचलं का, ते फक्त तूच सांगू शकतेस. नसेल जमलं तर 'पुन्हा' एवढंच कळव. मी पुन्हा वाचीन.

तुझीच,
ताई