माइक जरा वाईट कर

प्रिय चेतना,

तुझ्या आईला मी फसवलंय. ते पण तुमच्याच हॉलमधी, तुमच्याच सोफ्यावर बसून, काकूंनीच दिलेला चिवडा खात खात. आधी सगळं वाच, मग शिव्या दे. लहानपणी तुमची बेल वाजवून पळायचो, तसलं न्हाय हे. तवा काकू मला जिन्यातच गाठायच्या आणि कान पिरगाळून वर आणायच्या. ह्या वेळी मी त्यांना चिकटून बसून खोडी काढली, आणि त्यांना कळलंच न्हाय. कळलं न्हाय, ह्याचीच मला भीती वाटायलीय.

पत्र बघून तू हसली असशील. ज्या पोरानं निबंध तुझ्या वहीतनं उतरवला आणि खाली नाव पण तुझंच लिहून दिलं, तो पत्र लिहितोय. काय करू, तुझं वॉट्सअ‍ॅप काकूंच्या टॅबवर उघडं असतंय. मला कसं माहीत? मीच लावून दिलंय की, त्यांनीच सांगितलं म्हणून. आता ते बंद कर, आणि मी सांगितलं म्हणू नको. फोन केला असता तर तू लगेच आईला फोन लावला असतास, तुला मी ओळखतोय. म्हणून हे पत्र शेंगाचटणीच्या डब्याच्या खाली, कडक भाकरीच्या घडीत घालतोय. तुझं पार्सल ट्रॅव्हल्सवर नेऊन द्यायचं काम अजून माझ्याकडंच हाय, तेवढा विश्वास उरलाय माझ्यावर.

तर झालं असं. आपल्या कॉलनीतल्या देवळाच्या वर्धापनदिनाला वाजवायला काकूंच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. काकूंनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "संगमेश, आमच्यात कुणीतरी बेसूर आहे. कधीपासून मला खटकतंय. तू रेकॉर्डिंगच्या निमित्तानं ये आणि नेमकं कोण ते मला शोधून दे." मी म्हणलं, म्हणजे मी सीसीटीव्ही व्हायचं व्हय काकू? त्या म्हणाल्या, "तसंच समज. माझा संशय नागूबाईंवर आहे." नागूबाई म्हणजे मंद्रूपच्या, पोराच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या. तू दिवाळीत बघितलंस की त्यांना, आवाज असा की खालनं जाणारा रिक्षावाला पण मान वर करतोय. काकूंचा नियम तुला माहीतच हाय, ज्याचा सूर लागत न्हाय त्यानं टाळ धरायचा, तोंड उघडायचं न्हाय. आता नागूबाईचं पोरगं आणि सून दोघं कामावर, बाई दिवसभर त्या फ्लॅटात भिंतीकडं बघत बसतेत. ह्या भजनापायी त्या सोलापुरात टिकल्यात. त्यांचं गाणं काढून घेतलं तर त्या दुसऱ्या दिवशी मंद्रूपची गाडी धरतील, हे मला पण कळत होतं. तरी मी व्हय म्हणलं. हेरगिरी करायला मिळतीय म्हणल्यावर मी कशाला सोडतोय.

माझ्याकडं एकसारखे दोन माइक हायत, जुळे भाऊ. दोन कशाला, तर माणसाला दोन कान असतेत म्हणून. एकाच माइकवर सगळ्या बायका एकीवर एक बसल्यागत येतेत, कोण कुटं काय कळत न्हाय. दोन नीट लावले की हेडफोन घालून, डोळे मिटून बोट दाखवता येतंय, ही हितं बसली, ती तितं. पण नीट लावायचे, तितंच तर सगळी मेख हाय. आधी मी दोन टोकाला दोन स्टँड ठेवले, तर टोकाच्या बायका कानात येऊन बसल्या आणि मधल्या गायब, मधी खड्डा पडल्यागत. मग दोन्हीची तोंडं एकमेकाला चिकटवून बघितली, तर सगळं मंडळ एका पाटावर दाटीवाटीनं बसल्यागत झालं. शेवटी एकाच स्टँडवर दोघांना घेतलं, मधी वीतभराच्या आत जागा सोडली, तोंडं बाहेरच्या अंगाला वळवली, जणू माणसाचं डोस्कंच, दोन कानांसकट. आणि टाळ थेट तोंडावर येऊ नये म्हणून डोक्याच्या वर धरलं. नागूबाई वर बघून म्हणतेत, "आरं पोरा, हे दोन उंदीर कशाला टांगलाईस? बांदावरनं भांडलेल्या भावांगत तोंडं फिरवून बसलेत की." सगळ्या हसल्या, काकू सोडून. मग मी पंखा बंद केला तर सगळ्या मिळून मलाच बंद करायला निघाल्या.

आता बसायचं कसं ते ध्यानात ठेव, त्याच्यावरच सगळं हाय. अर्धगोल. माझ्या बाजूनं बघितलं तर डाव्या टोकाला नागूबाई. मधनं जरा उजवीकडं काकू. आणि काकूंच्या पलीकडं, अगदी उजव्या टोकाला, तुझे बाबा पेटी घेऊन. आता पेटी अशी टोकाला असली की रेकॉर्डिंग एका बाजूला कलतंय, म्हणून मी काकांना म्हणलं, जरा मधी मागं सरकता का? तुझे बाबा कसे हायत, वेणीमाधव काका, भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तरी छान आहेत म्हणून घेणारा माणूस. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पेटी इथंच राहणार. तुझे माइक हलव." मी परत विचारलं तर असे बघितले माझ्याकडं की मी खाली बसून वायरीच सरळ करायला लागलो. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हणलं, पेटीचाच एखादा सूर उतरलाय आणि काका तो दडवायलेत. चोर ह्या टोकाला हाय, त्या न्हाय.

घरी येऊन हेडफोन घातला, डोळे मिटले, आणि जितं सूर घसरतोय तितं बोट दाखवलं. डोळे उघडून बघतोय तर बोट मधनं जरा उजवीकडं. पेटीवर न्हाय, पेटीच्या अलीकडं. काकूंच्या जागेवर. मी म्हणलं, छ्या. ज्या बाईंनी सगळ्या शाळेला प्रार्थना शिकवली, ज्यांना पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना पण कळायचं की शेवटच्या बाकावर पेनाचं टोपण कोण चावतंय, त्या बेसूर? मला वाटलं माझ्याच वायरी उलट्यासुलट्या झाल्या. दुसऱ्या सरावाला जाऊन मी डाव्या टोकाला टाळी वाजवली, उजव्या टोकाला टाळी वाजवली. बरोबर होतं. मग माइकांवर संशय आला, म्हणून ह्याच्या जागी तो आणि त्याच्या जागी ह्यो केला. तरी बोट तितंच. एकच गोष्ट मी तवा धड ऐकली न्हाय, ती पुढं सांगतो.

तेवढ्यात काकूंचा निरोप, ये आणि ऐकव. गेलो. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, गाणं सुरू केलं आणि तवा माझ्या डोक्यात आलं. आता त्यांना त्यांचाच आवाज सापडणार. म्हणून मी हळूच हात मागं मशीनच्या बटनाकडं नेला आणि उजवी बाजू बंद केली, काकूंचा आवाज त्याच बाजूला जास्त होता म्हणून. मला वाटलं, लगेच ओरडतील, अरे गाढवा, एक कान बंद आहे. कुणीही ओरडेल, नवशिका पण. काकू मान हलवत म्हणाल्या, "वा, छान भरून आलंय रे." चेतना, अर्धं गाणं गायब होतं. मग माझ्यातला जुना संगम्या जागा झाला. मी उजवी चालू केली आणि डावी बंद केली. काकूंनी हेडफोनवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "बंद पडलं का रे?" आणि उजव्या कानाशी तर गाण्याचा आवाज बाहेर झिरपत होता, मला ऐकू येत होता.

मी वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात काका, हातात चहाचा ट्रे. माझा हात त्या बटनावर, आणि त्यांची नजर माझ्या हातावर. ट्रे ठेवला, काकूंच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "शकू, चहा." तवा मला पेटीचं कोडं सुटलं, माझं उजवं टोक म्हणजे समोर तोंड करून बसलेल्या काकूंची डावी बाजू, ऐकू येणारी. देवळात काका काकूंच्या डाव्या हाताला बसतेत. रस्त्यानं चालताना पण डावीकडं. पूर्वी ते चार पावलं पुढं चालायचे आणि काकू मागनं ओरडायच्या, आठवतंय न्हवं? मला वाटलं होतं म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. आणि खरं सांग, दिवाळीत तू पण ओट्याच्या त्या बाजूनंच त्यांच्याशी बोलत होतीस. तुला माहीत हाय व्हय? का मला आता सगळ्यांचंच वागणं तसं दिसायलंय?

काकूंना मात्र त्या चालू बाजूनं काय ऐकू आलं असंल, तर डावं टोक. म्हणजे नागूबाई. मी परत सगळं नीट चालू केल्यावर काकू एका ओळीला ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंस? इथं घसरल्या नागूबाई. मी म्हणत नव्हते?" आणि गंमत बघ, त्या ओळीला नागूबाई खरंच घसरल्या होत्या.

काका मला सोडायला गेटपर्यंत आले. गाडीच्या सीटवरची धूळ उगीच रुमालानं झटकत होते. म्हणाले, "माइक चांगले आहेत रे तुझे. फारच चांगले आहेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जरा वाईट कर." एवढंच. तुझ्या बाबांनी जन्मात मला काही मागितलं न्हाय, दहावीत गणित शिकवलं त्याची फी पण न्हाय. मी दुसऱ्या दिवशी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, माझे माइक चुकीचे लागले, रेकॉर्डिंग फुकट गेलं, कोण बेसूर ते ह्याच्यावरनं कळायचं न्हाय. हे माझं दुसरं फसवणं. काकू म्हणाल्या, "बारावी दोनदा बुडवली, आता मंडळ बुडव." नागूबाई मधी पडल्या, "जाऊ द्या की बाई, पोरगं हाय." तर काकू त्यांनाच म्हणाल्या, "तुमचा सूर आधी बघा, मग पोराचं बोला." नागूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाई, मी तर तुमच्याच मागनं गाती की." काकूंना ते उलट उत्तर वाटलं.

मी घरी येऊन परत ऐकलं. ह्या वेळी काकूंना सोडून फक्त डावं टोक धरून बसलो. नागूबाईचा सूर आपणहून कुटंच चुकत न्हाय. काकू सुरावरनं सरकल्या, की एखादी ओळ त्या थांबतेत, आणि मग स्वतःचा सूर सोडून काकूंच्या सुरावर जातेत. एकदा न्हाय, दर वेळी. काकू सावरल्या की त्या पण परत जाग्यावर. काकूंना एकटं पडू देत न्हायत. आणि तितंच काकूंनी त्यांना पकडलंय.

आता हे पत्र का, ते ऐक. काकूंनी मला काढून शहाजीला बोलावलंय, होटगीचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाला. त्याच्याकडं माझ्यागत माइकची जोडी न्हाय, तो दर बाईच्या तोंडाला एकेक माइक देतोय आणि एकेकीचा आवाज सुटा सुटा करून सगळ्यांना स्पीकरवर ऐकवतोय, भारी वाटतंय म्हणून. येत्या रविवारी, देवळात, अख्ख्या कॉलनीसमोर. काकूंनीच सांगितलंय, एकेकीचं लावा, दूध का दूध होऊ दे. काकूंचा आवाज एकटा, उघडा, स्पीकरवर. किंवा त्याच्या आधीच नागूबाईच्या हातात टाळ. दोन्हीपैकी एक होणार. काका काही बोलणार न्हायत, ते फक्त बाजू बदलून बसतेत. म्हणून तू शनिवारी ये. काहीही कारण काढ, स्वतःचाच कान दुखतोय म्हण आणि सोबतीला म्हणून काकूंना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन जा. डॉक्टर एकीचा कान बघता बघता दुसरीचा पण बघतंय, तेवढं मी त्याला आधी जाऊन सांगून ठेवतो, सोंगं करायची मला सवय हाय. रविवारचं माझ्यावर सोड. देवळाची लाइट मी कशी घालवायची ते मला माहीत हाय.

पण चेतना, पाया पडतो, हे कुणाला सांगू नको. काकूंना तर न्हायच, त्यांना माझ्याकडनं कळलं तर त्या परत कधी तोंड उघडून गाणार न्हायत. काकांना मी तुला लिहिलंय हे सांगू नको. नागूबाईंना त्यांचं हे सांभाळून घेणं मला कळलंय हे सांगू नको, त्या लाजून खरंच मंद्रूपला जातील. माझे माइक वाईटच हायत असं सगळ्यांना वाटू दे, तू पण तसंच म्हण. शपथ घे. भाकरी खाऊन टाक, आणि हे पत्र फाडून टाक.

तुझाच,
संगम्या