दादासाहेबांच्या जागेत दादासाहेब

सोम. ८ जाने. ७३
साखर कारखान्याची जाहिरात बंद. चेअरमनांचा माणूस तोंडीच सांगून गेला. कारण आमच्या लेकीचा, वसूचा मिरजगावकडच्या दुष्काळी कामावरचा लेख. बायका दिवसभर खडी फोडतात, मोजणारी चेअरमनांची माणसं मापात ढीग कमी दाखवतात, एवढंच लिहिलं होतं पोरीने. आमच्या साप्ताहिकाला मोठ्या जाहिराती दोनच, ही आणि दादासाहेबांच्या कापड दुकानाची. दोन्ही गेल्या तर छापखान्याला कुलूप.
ह्यांची दृष्टी अधू झाल्यापासून अंक वसूच काढते. जेवताना हे म्हणाले, "लेख खरा आहे ना? मग भात वाढ."

रवि. १४. संक्रांत
चेअरमनबाई तिळगूळ घेऊन आल्या. दरवर्षी येतात, बाई मनाने चांगली. निघताना हळूच, "वसूला सांगा, गोड बोलावं. पोरीच्या जातीला शोभत न्हाई असलं."
वसू आतून, "काकू, साखर केवढी महाग केलीत. गोड बोलू कशाने?"
हसू त्यांनाही आवरेना.

गुरु. १८
काल दादासाहेबांची सभा. विरोधी पक्षाचे ते, त्यामुळे वसूचं कौतुक फार. "जाहिरात म्हणजे लगाम नव्हे. आज या मुलीचं तोंड बांधाल, उद्या गावाचं." टाळ्याच टाळ्या. वसूने भाषण जसंच्या तसं या अंकाला दिलं.
कॉन्व्हेंटात वाचायला उभं केलं की सिस्टर म्हणायच्या, शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. माझा आवाज दुसऱ्या बाकाशीच विरायचा. पुण्याचा तो लांबलचक वर्ग, उंच खिडक्या...

गुरु. २५
वसू सोनईकडे गुरांच्या छावणीवर जाऊन आली. छावणी दादासाहेबांच्या पक्षाची. चारा आधी आपल्या माणसांच्या गुरांना. एक म्हातारा तिला म्हणाला, "आमी न्हाई त्यांच्या पक्षात, कबूल. पन बैलानं काय केलंय?"
हेच वाक्य मथळ्याला घेतलं. मी म्हटलं, वसू, आता ती एकच जाहिरात उरली आहे. "आई, खडीचं लिहिलं तेव्हा त्यावर टाळ्या घेतल्या ना त्यांनी?"
ह्यांनी लेख दोनदा वाचून घेतला.

रवि. २८
दादासाहेब स्वतः आले. चहा घेतला नाही.
"स्वातंत्र्य आहे म्हणून काहीही लिहायचं का, वसूताई? माझी जाहिरात कुठे द्यायची ते मी ठरवीन."
"जरूर ठरवा. चेअरमनही हेच म्हणाले."
"त्यांचं वेगळं."
जाहिरात बंद.

शुक्र. २ फेब्रु.
डबा घेऊन छापखान्यात गेले. जाहिरातीच्या जागी पानावर भगदाड. आमचा गोविंदा अक्षरं जुळवतो झकास, पण छापून झाल्यावर शिशाचे खिळे सुटे करून अक्षरागणिक खणांत परत टाकायचा त्याला जन्माचा कंटाळा. त्यापायी ह्यांची किती बोलणी खाल्ली असतील. दादासाहेबांचं जुळवलेलं भाषण अजून सुतळीने बांधून फळीवर तसंच पडलेलं. वसूची नजर गेली.
"गोविंदकाका, हेच बसवा त्या जागी. खाली त्यांचं नाव, सभेची तारीख. एक अक्षर जास्त नको."
गोविंदा म्हणाला, "बघा वहिनी. आळस कधी वाया जात न्हाई."

शनि. ३
अंक दुपारीच संपला. स्टँडवरच्या हॉटेलात कोणी ते भाषण मोठ्याने वाचत होतं, चार टेबलं ऐकत होती. मी रस्त्यावरून ऐकलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे कितीतरी वेळ मिशीत हसत होते. सिस्टर, ऐकू गेलं बरं का.

गुरु. ८
चेअरमनांचा माणूस पुन्हा. हसत हसत, पूर्ण पानाची जाहिरात घेऊन. "ताई, आता तुम्ही आमच्यातल्या."
वसू म्हणाली, "बसा. जाहिरात घेते, दर नेहमीचाच. पण याच अंकात खडीचा दुसरा लेख आहे, तेवढं साहेबांना सांगा."
कागद घडी करून परत खिशात. "विचारून येतो."
दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. गोविंदाने विचारलं, "ताई, पान मोकळं ठेवू का?"
"ठेवा. आणि दादासाहेबांचं भाषण सुटं करू नका. लागेल."