यशवंतरावांचे सात हमाल

३ नोव्हेंबर

रायपूरला पोहोचलो. नागपूरच्या कचेरीने पन्नाशीत मला इथला वार्ताहर नेमलं. ही बढती की हद्दपारी, ते पहिल्या चहानंतर ठरवायचं होतं. चहा उत्तम निघाला. तूर्त बढती.

तात्यापारा मोहल्ल्यात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकीण वनमालाताई, रेल्वेतून निवृत्त. मी संस्कृत पाठशाळेत शिकलो म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीने आणखी पोहे वाढले. म्हणाल्या, भाऊ तर पुस्तकासारखे बोलून राहिले.

खोलीच्या भिंतीवर दाराएवढ्या कागदावरचं पेन्सिलचित्र आहे. त्यांच्या वडिलांनी, मूर्तिकार यशवंतरावांनी, चाळीस वर्षांपूर्वी एका चर्चसाठी आखलेली वेदी. सात माणसं कमरेत वाकून पाठीवर भलामोठा दगड पेलताहेत. त्या दगडावर मेणबत्त्या, क्रूस, सगळी पूजा. वेदी घडलीच नाही. मला पहिला मजकूर मिळाला.

५ नोव्हेंबर

ते सातही गोल बाजारातले खरे हमाल. यशवंतराव त्यांना अंगणात तांदळाचं पोतं पाठीवर देऊन उभे करत आणि रेखाटन पुरं होईतो उतरवू देत नसत. सर्वांत पुढचा भैय्यालाल. ताईंना सगळ्यांची नावं पाठ आहेत. सातांतला आज कोणी हयात नाही.

डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या. मूर्तीचे डोळे प्रतिष्ठेच्या वेळी, अगदी शेवटी उघडायचे, ही आपली रीत. चर्चला नेत्रोन्मीलन लावणारा हा पहिलाच गडी असावा. मला हसू आलं. थोडा अभिमानही वाटला, पाठशाळेचा.

६ नोव्हेंबर

ताईंनी ट्रंकेतून चर्च समितीचं पत्र काढून दिलं. टंकलिखित, तीन ओळी. हमालांच्या जागी देवदूत दाखवावेत. प्रभूच्या मेजाखाली मजूर शोभत नाहीत.

सुताराच्या घरी वाढलेल्याच्या मेजाखाली मजूर शोभत नाहीत! यशवंतरावांनी देवदूत काढायला नकार दिला. काम गेलं. पुढे त्यांनी कोणतीच मूर्ती केली नाही.

दिवसभर डोकं तापलेलं. छायाचित्र उद्या नागपूरला जायचं आहे, आणि आंधळे हमाल पाहून वाचक पान उलटतील. ताई बाजारात गेल्या तेव्हा मी पेन्सिलीला टोक केलं. चौदा डोळे. शांत, सोसणारे डोळे काढले. बघू दे त्यांना एकदा समितीकडे.

७ नोव्हेंबर

भैय्यालाल ताठ उभा आहे.

काल वाकलेला होता. डोळे काढल्यावर घेतलेल्या फोटोतही वाकलेलाच आहे. माझे खांदे आंबले आहेत. गादीला दोष दिला.

ताई चहा घेऊन आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि दारातच खाली बसल्या. रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "काहून केलं भाऊ? बाबा सांगत, डोळे दगडातच उघडायचे. दगडाचं ओझं दगडाची माणसं झेलतात. कागदावर जागे झाले तर ते ओझं कोणाले देतील?"

हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मी विचारलं कुठे होतं. मला माहीत होतं ना सगळं.

८ नोव्हेंबर

आणखी दोघे सरळ झाले. खोडरबराने डोळे पुसले. चहा पिऊन परतलो तर डोळे पुन्हा जागच्या जागी. कागद उतरवायला गेलो. हलत नाही. कागद!

डॉक्टरला काही सापडलं नाही. जिना चढताना तीनदा थांबलो.

चर्चला फोन केला. हल्लीचे सचिव कोणी शेखर. वेदी आता तरी घडवा म्हणालो, विनवलं. ते आदराने म्हणाले की भैया, ग्रॅनाइटची कधीच बसवली, फार सुंदर आहे, दर्शनाला या. मी फोनवर ओरडलो. असा मी आयुष्यात ओरडलो नव्हतो.

९ नोव्हेंबर

पाच सरळ. मी शांत डोळे काढले होते. हे शांत नाहीत. चाळीस वर्षं वाकून उभे, आणि वर वेदीच नाही. पोतं उतरवायलाही कोणी म्हणालं नाही.

पण मला काय बघता? पत्र मी लिहिलं का? मी तुमच्या बाजूने चिडलो होतो, अरे—

खांद्याचं हाड वाजलं.

१० नोव्हेंबर

सहा. जिना उतरता येत नाही. ताईंनी धरलं, त्यांच्याही हाताला ओझं लागलं, म्हणून मीच सोडवून घेतलं. त्या गोल बाजारात गेल्या आहेत, त्या सातांच्या घरचं कोणी भेटतं का बघायला. कोणीतरी हमालांना सांगायला हवं— उतरवा, झालं— माझं ते ऐकत नाहीत. मी त्यांना एकदाही नावाने हाक मारली नव्हती. मजकूर म्हणालो होतो.

११ नोव्हेंबर

सातही ताठ. कमरेवर हात. दगड चित्रात कुठेच नाही.

मी गुडघ्यांवर आहे. वही हनुवटीखाली. भैय्यालाल, म्हणालो. भैय्यालालजी. उतरवा. त्याने मान फिरवली.

ताई अजून आल्या नाहीत—

पाठीवर कोणीतरी कापड अंथरलं. नीट, कोपरे ओढून. आता मेणबत्त्या मांडतंय. एक. दोन. ति—