तानुबाईचा गळा अन् फितीच्या तीन चाली

उंद्री, ता. ४ डिसेंबर १९६८

तीन आकड्यांचं बटन असलेलं आवाज भरायचं यंत्र बहिणीकडे धाडतो अन् कोणत्या आकड्यावर ठेवायचं ते सांगत नाही, असा कसा रे भाऊ तू? खामगावात लोकांचे रेडिओ कसे दुरुस्त करतो, देव जाणे.

चिरंजीव उकंडराव यास सुभद्राबाईचे आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील. माझे विचारू नको.

माझी जाऊ तानुबाई, तिच्या गळ्यातली गाठ मंगळवारी अकोल्याले कापणार. आवाज राहील का, असं विचारलं तर डाक्टर भिंतीकडे पाहे. सासूबाईच्या जात्यावरच्या ओव्या आता हिलेच येतात (मले येत नाहीत, मी दळताना भांडत होती), म्हणून तुझं यंत्र मागवलं. पण फित एकच! मी काटकसर केली, सगळ्यात सावकाश चाल लावली, तासभर पुरते. ऐकलं तर तानुबाई विहिरीत पडून बोलल्यासारखी. ती म्हणे, "हा तर माझा भासरा, तुझा नवरा, बोलून राह्यला!" मग ते पुसून सगळ्यात जलद चाल लावली. आवाज असा साफ की बांगडी किणकिणलेलीही कळे, पण फित पाव तासात खतम. तानुबाईनं आधी गावातले देव घेतले, मग माहेरचे, अन् मारोतीपाशीच फित संपली. आता देव कमी कर, हे आजारी बाईले कोणी म्हणावं?

राहिली मधली चाल. तिथं माझा शालिग्राम मधी पडला (पोरगं चार बुकं जास्त शिकलं ना). म्हणे, जात्याची घरघर नको, आवाज कोरा पाहिजे. तिले खुर्चीवर बसवलं. हात रिकामे, तर तोंडही रिकामं. जे म्हटलं ते इतकं बारीक, की फितीवर शब्दांची टोकं गळलेली अन् मधी नुसते खड्डे. शेवटी मीच जातं मांडलं, पसाभर ज्वारी घातली अन् तिच्यासोबत हलक्या हातानं ओढू लागली (चाळीस वर्षांत पहिल्यांदा, न भांडता). तर काय, खाली थोडी घरघर असली की तिचा बारीक आवाज त्या घरघरीवर तरंगे, थकलेला श्वासही ऐकू ये. शालिग्राम अजून डोकं खाजवून राह्यला.

तुझी बहीण,
सुभद्राबाई

ता. क. : अर्ध्या तासानं शेवटच्या ओवीत "माझी जाऊ सुभद्रा" इतकं आलं अन् फित सुटली. पुढं काय, विचारलं तर म्हणे, "फित आण, मंग सांगीन." शिवी असली तरी मले ऐकायची आहे. तिच्याच आवाजात, अन् मंगळवारच्या आत.

आणखी ता. क. : नवी फित यायले महिना लागते, असं तूच लिहिलं होतं. शालिग्राम म्हणे, फितीले दुसरी बाजू असते. उलटी लावली, तर तुझी बायको पुष्पाबाई भुलाबाईची गाणी म्हणून राह्यली, अन् मधी तू खोकून राह्यला. त्यावर तानुबाईले म्हणवलं की पुष्पाबाई पुसली जाते. पुसू का? चिठ्ठी कंडक्टरच्या हाती धाडली आहे, उत्तर त्याच गाडीनं पाहिजे. अन् ते पुष्पाबाईनं स्वतःच्या हातानं लिहावं. तू मधी बोलायचं नाही.