शेरा : सही खरी

जी गोष्ट माझ्या मालकीची आहे की नाही हेच मला ठरवता येत नाही, ती मी दुसऱ्या कोणाच्या नावे करू शकते का? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. वकिलांना विचारता आलं असतं. पण विचारायचं तर आधी ती गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून विचारलं नाही.

बाकी जे निश्चित माझं आहे, त्याची व्यवस्था अशी :

मी, ब्रोनिस्लावा दुदेक, घरात ब्रोन्या, वय वर्षे चोवीस, अविवाहित, राहणार व्होला क्रीक, नेब्रास्का राज्य, शाळेत शिक्षिका आणि काउंटीच्या स्त्री मताधिकार संघाची चिटणीस, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी दटावलेलं नाही की भरीला घातलेलं नाही. येत्या गुरुवारी ओमाहाच्या इस्पितळात माझ्या गळ्यातली गाठ कापून काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जणी बऱ्या होऊन घरी जातात. ‘बहुतेक’ हा शब्द ऐकल्यावर मी कागद आणला.

कलम एक. माझं काही बरंवाईट झालं तर मला आईशेजारी पुरावं. छातीवर संघाची पिवळी फीत असावी. फादर नको म्हणतील. त्यांना सांगावं की ती कोटाच्या आत लावली आहे, देवाशिवाय कोणाला दिसणार नाही.

कलम दोन. बँकेतली माझी सगळी शिल्लक धाकटी बहीण मार्त्सेला हिला. ती फक्त लिंकनच्या विद्यापीठात शिकण्यासाठी वापरावी, टोप्यांसाठी नाही. माझी पुस्तकं, आईची पिसांची रजई आणि भिंतीवरचं माझं पदवीचं प्रमाणपत्रही तिचं. आमच्या घरात दुसरं प्रमाणपत्र येईपर्यंत ते भिंतीवरच राहावं. मग खुशाल काढावं, म्हणजे खिळा मोकळा होईल.

कलम तीन. साबणाचं रिकामं खोकं, ज्यावर उभी राहून मी माझं पहिलं भाषण केलं, ते खोगीरवाले यान पिएत्रास यांना. त्या दिवशी चौकात ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते, “आधी नवरा शोध, मग मत शोध!” मी म्हणाले, “काका, नवरा अजून हरवलेला नाही. मत मात्र चोरीला गेलंय.” लोक हसले, पण घरी येऊन मी रडले होते, हे आज त्यांना कळायला हरकत नाही. त्यांनी कधी तरी त्या खोक्यावर उभं राहून पाहावं. वाटतं त्यापेक्षा ते उंच आहे.

कलम चार. आमच्या संघाच्या अध्यक्षा श्रीमती ऑगस्टा टिलटसन यांना काहीही नाही. त्या या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे. शिवाय माझा त्यांच्यावर थोडा राग आहे. मी चार वर्षांत त्यांच्यासाठी दोनशे तरी पत्रं लिहिली, बर्फातून घोडागाडी हाकली, तरी त्या मला ‘ब्राउनी’ म्हणतात. लिंकनच्या मिरवणुकीत त्यांनी मला फुलाफुलांचा पोलिश झगा घालून पुढे उभं केलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “ही आमची पोलिश मुलगी.” पदवीचा काळा झगा पिशवीतच राहिला. पण मताधिकाराचं काम या काउंटीत त्यांच्याइतकं कोणी केलेलं नाही, आणि मला पहिल्यांदा खुर्चीवर बसवून “तुझं मत काय?” असं त्यांनीच विचारलं होतं. म्हणून क्षमा केली आहे. क्षमा ही कायद्याने मिळकत नसावी.

कलम पाच. माझी शाळेतली पाटी आणि खडूची डबी बाबांना, म्हणजे वालेंटी दुदेक, लोहार, यांना. कशासाठी ते पुढच्या कलमात येईल.

कलम सहा. संघाची पडताळणी वही. हे कलम मी मेल्यावरच टिलटसनबाईंना वाचून दाखवावं.

गेल्या वर्षी आमच्या विधिमंडळाने बायकांना निम्मं मत दिलं, गावच्या आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपुरतं. ते अमलात येण्याआधीच त्याविरुद्ध पुरुषांच्या हजारो सह्यांचा अर्ज दाखल झाला आणि सगळं थांबलं. सह्या बनावट असल्याची कुजबुज होती. म्हणून आम्ही बायकांनी कोर्टात दावा लावला, अर्जाच्या नकला काढल्या आणि घरोघर जाऊन एकेक नाव तपासलं. आमच्या भागातली पानं एकाच माणसाने गोळा केली होती. प्रत्येकाने आपल्यासमोर स्वतःच्या हाताने सही केली, अशी त्याने शपथ घेतली होती. त्यातलं एक जरी नाव खोटं ठरलं तरी त्याची शपथ मोडते आणि त्याची सगळी पानं बाद होतात, आणि तेवढ्याने अर्जाच्या सह्या कमी पडतात. आम्हांला एकच नाव हवं होतं. पण गावातला जो तो म्हणे, “केली असेल बुवा सही. आठवत नाही.”

बाविसावं नाव होतं वालेंटी दुदेक.

टिलटसनबाई आणि मी भट्टीत गेलो. त्यांचं इंग्रजी बोलणं मी बाबांना पोलिशमध्ये सांगायचं, आणि बाबांचं त्यांना. बाबांनी कागद हातात घेतला, खिसे चाचपले आणि म्हणाले, “चष्मा घरी राहिला.” मग कागद लांब धरून बराच वेळ पाहत राहिले. “माझंच आहे. सही माझीच.”

मी भाषांतर केलं. “ते म्हणतात, सही त्यांचीच आहे.”

टिलटसनबाई खिन्न झाल्या. मी वही उघडली आणि बाविसाव्या नावापुढे शेरा लिहिला : सही खरी.

माझ्या बाबांना लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. त्यांचा चष्मा साध्या काचेचा आहे, फेरीवाल्याकडून घेतलेला, घरी विसरण्यासाठी. चर्चमध्ये शेजाऱ्याचं पान उलटलं की ते आपलं उलटतात. भट्टीची वही आधी आई लिहायची, आता मी लिहिते. आणि चर्चच्या वाचनालय समितीचे ते अकरा वर्षं अध्यक्ष आहेत, कारण कपाटं त्यांनी केली, कुलूप त्यांनी घडवलं, आणि आमच्या मुलांच्या हाती पुस्तकं हवीत म्हणून ते दारोदार हिंडले.

मला हे कळलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेतून बक्षिसाचा कागद मिळाला होता. ‘हजेरी समाधानकारक’, एवढंच त्यावर होतं. बाबांनी तो दिव्याजवळ धरून मोठ्याने वाचला : “ब्रोनिस्लावा दुदेक ही या राज्यातली सगळ्यांत हुशार मुलगी आहे, आणि तिच्या आईबापांनी तिला खूप शिकवावं.” आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी तो कागद घडी करून वहीत ठेवला. पुढे मी खरोखरच शिकले, ते त्या कागदावर न लिहिलेल्या वाक्यामुळे.

म्हणजे ज्या एका नावाने आमचं मत परत मिळेल ते माझ्या घरात आहे, आणि ते उघड केलं तर माझ्या बाबांनी आयुष्यभर झाकलेलं सगळ्या गावासमोर उघडं पडेल. ही गोष्ट त्यांची, पण खोटा शेरा माझा. मी गेले तर टिलटसनबाईंनी तो खोडावा आणि कोर्टाला खरं सांगावं. कोणी तरी बाबांना अक्षरं शिकवावीत. त्यासाठी पाटी.

(इथवर काल, रविवारी लिहिलं. पुढचं आज, सोमवारी.)

सकाळी मी भट्टीत बाबांची न्याहारी घेऊन गेले. कागद माझ्या एप्रनच्या खिशातून डोकावत होता.

“काय लिहिलंस एवढं?” बाबा म्हणाले. “काल जेवायलाही आली नाहीस वेळेवर. वाच की.”

आमच्या घरात मी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवायची पद्धत आहे. मी कागद उघडला. सहावं कलम गाळता आलं असतं. त्याऐवजी दुसरंच काही गोड वाचता आलं असतं, जसं त्यांनी एकदा माझ्यासाठी वाचलं होतं, आणि त्यांना कधीच कळलं नसतं. नेमकं त्यामुळेच ते करवेना. मी जे लिहिलं होतं तेच वाचलं, पहिल्या ओळीपासून.

पिएत्रासकाकांच्या खोक्यावर ते हसले. सहाव्या कलमाला त्यांनी सांडशीतलं लोखंड परत निखाऱ्यांत ठेवलं आणि तिकडेच बघत राहिले.

“आठ वर्षांची होतीस?”

“हो.”

“सोळा वर्षं! आणि मी मूर्ख तुझ्यासमोर चष्मा शोधत बसतो. तुझ्याच्याने हसू दाबवलं कसं?”

“मला हसू येत नव्हतं, बाबा.”

त्यांनी भाता दोनदा ओढला. मग म्हणाले, “अक्षर फार छान होतं गं त्या कागदावर. आधी अब्रू राखायला खिसे चाचपले, पण मग मनात आलं, माझं नाव लिहिलेलं असं दिसतं तर. सोडवेना.”

मी कागदाची घडी घालू लागले.

“आणि हे तू मेल्यावर सांगणार होतीस?”

“मी नाही. कागद सांगणार होता.”

“कागद!” ते एकदम चिडले. “कागदाने माझं भलं केलंय कधी? तू नसताना मी एकटा कोर्टात उभा राहू? ते काय विचारतात ते मला कोण सांगणार, आणि मी काय म्हणतो ते त्यांना? ती बाई? तिला तुझं नावही घेता येत नाही.”

“मग खोडते मी हे कलम. तुमची गोष्ट आहे. माझा शेरा तेवढा मी मागे घेते, ‘मला ठाऊक नाही’ असं लिहिते आणि चिटणीसपद सोडते.”

“गोष्ट माझी आहे ना? मग मला बोलू दे.” त्यांनी एप्रन सोडला, खुंटीवरचा कोट घेतला. “चल. तू असतानाच चल.”

“बाबा, वाचनालयाचं अध्यक्षपद...”

“दुसरा कोणी होईल. कपाटं मी केली आहेत, ती काय मला सोडून जातात?”

दाराबाहेर पडल्यावर ते थांबले, परत आत गेले, आणि चष्मा खुंटीला अडकवून आले.

टिलटसनबाईंच्या दिवाणखान्यात त्या आणि संघाच्या कामासाठी आलेले नोटरी चहा घेत होते. बाबांनी जे सांगितलं ते मी वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगितलं. एकही वाक्य मऊ केलं नाही. टिलटसनबाई गोंधळल्या. “पण मिस्टर दुदेक, त्या दिवशी तर तुम्ही सही तुमचीच म्हणालात!”

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले, “त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता.”

मी सांगितलं. नोटरींनी प्रतिज्ञापत्र लिहिलं, मी ते बाबांना पोलिशमध्ये वाचून दाखवलं. सहीची वेळ आली तेव्हा नोटरींनी खाली बघत, हळू आवाजात विचारलं, “फुली चालेल का त्यांना?”

बाबांनी टाक हातोडीसारखा मुठीत धरला. “विचार त्यांना, मत देताना गव्हर्नर काय मारतो?”

मी विचारलं. नोटरींनी दौत पुढे सरकवली. मतपत्रिकेवरच्या चौकोनात सगळेच फुली मारतात. माझ्या बाबांना ती येते आणि ते दर निवडणुकीला मारतात. पदवी भिंतीवर लावलेली मी, मला अजून मारता येत नाही.

त्यांनी फुली काढली. दोन रेघा, घाई न करता, दोन्ही सारख्या लांबीच्या. टिलटसनबाई उठल्या, आपली उंच पाठीची खुर्ची बाबांकडे सरकवली आणि मला म्हणाल्या, “तूही बस, ब्राउनी.”

“ब्रोन्या,” बाबा म्हणाले. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने एवढं बरोबर ऐकलं.

त्यानंतर मी पडताळणी वही मागून घेतली. बाविसाव्या नावापुढचा शेरा एका रेघेने खोडला, खालचं वाचता येईल असा. त्याशेजारी लिहिलं : ‘हा शेरा मी खोटा लिहिला होता. सही खरी नाही. ब्रो. दु.’ चिटणीसपदाचा राजीनामाही दिला. टिलटसनबाईंनी तो चहाच्या बशीखाली ठेवला आहे. स्वीकारला की काय ते कळलं नाही.

परतताना मी बाबांना म्हणाले, “आज संध्याकाळी तुमच्या नावापासून सुरुवात करू. गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत.”

ते रस्त्यातच थांबले. “वेडी आहेस का? मे महिन्यात कोर्टाची तारीख आहे. न्यायाधीश मला टाक देऊन म्हणतील, लिहा. तोवर मला एक अक्षरही शिकवू नकोस, पोरी. चुकून येईल.”

म्हणून या मृत्युपत्रात पुढील बदल करत आहे.

कलम सहा रद्द. त्यातलं सगळं झालेलं आहे.

कलम पाचही रद्द. वालेंटी दुदेक यांच्या नावे मी आता काहीही ठेवत नाही, म्हणजे त्यांना या कागदावर साक्षीदार होता येईल. पाटी आणि खडूची डबी मी आज दुपारी टिलटसनबाईंच्या कपाटात कुलूप लावून ठेवून आले आहे. कोर्टाची तारीख झाल्यावर ती परत द्यायची आहे. पावतीवर तसं लिहून घेतलं आहे : फक्त ब्रोनिस्लावा दुदेक हिला, तिच्या स्वतःच्या हातात.

व्होला क्रीक, नेब्रास्का
सोमवार, ४ मार्च १९१८

(सही) ब्रोनिस्लावा दुदेक

साक्षीदार :
१. (सही) ऑगस्टा टिलटसन
२. ✕
वालेंटी दुदेक, लोहार. निशाणी त्यांच्या स्वतःच्या हातची.