दादाने भरलेला ग्लास

९ जून, दुपार

ती. वहिनींना नमस्कार.

तुमच्या आईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. त्यांना चालायची घाई करू देऊ नका. मी ठीक आहे. वेटर रजेवर गेलेत, त्यामुळे हॉटेलात पायाला भिंगरी लागली आहे.

रविवारचं दादाने सांगितलंच असेल. "चारचौघांत भावाची अब्रू काढली," असंच ना? माझंही ऐका.

दुपारी दादा आणि ठेंगू जेवायला आले. (बापापेक्षा वीतभर उंच झाला तरी माझ्या तोंडून ठेंगूच येतं.) पोराला कॉलेजात प्रवेश मिळाल्यामुळे दादाचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने स्वतःसाठी बिअर मागवली, मी आणून दिली. नेमका तेव्हाच परवाना खात्याचा निरीक्षक काउंटरपाशी मालकांशी बोलत उभा होता. वळून पाहते तर दादा ठेंगूच्या ग्लासात बिअर ओततोय!

मी धावले. "दादा, त्याचं वय नाही झालेलं."

"अगं, बापासमोर घेतोय, चोरून नाही."

"बापाने दिली तरी इथे चालत नाही. मालकांचा परवाना जाईल."

"तुला सायकल मी शिकवली, आणि तू मला कायदा शिकवतेस?"

तोवर ठेंगूने ग्लास तोंडाला लावला होता. मी तो ओढून घेतला. बिअर दादाच्या शर्टावर सांडली. निरीक्षक येऊन उभा राहिला, मालकांचा चेहरा पांढराफटक.

"साहेब, आम्ही नाही दिली. दिसताक्षणी काढून घेतली," मी म्हटलं.

त्याने आधी ठेंगूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा दिसलं तर कुलूप लावीन," म्हणाला आणि गेला.

एवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं, वहिनी. दादाचा राग आज ना उद्या निवळतोच.

पहिल्यांदा बिअर पिणाऱ्याचं तोंड कसं होतं, ते मी इथे नेहमी पाहते. काढा प्यायल्यासारखं. ठेंगूचं तसं झालं नाही. त्याने अर्धा ग्लास एका दमात संपवला, पाण्यासारखा. म्हणून मी ओढला. नाहीतर हात जोडून मागितला असता.

दादा शर्ट धुवायला गेला तेव्हा ठेंगू माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. वाटलं, माझी समजूत काढायला आला असेल.

"आत्या, सोड्यात थोडी व्होडका घालून दे ना. वास येत नाही. बाबांना कळणार नाही."

मला थट्टा वाटली, मी हसले. तो हसला नाही. त्याचे हात थरथरत होते.

"कधीपासून रे?"

"परीक्षेच्या आधीपासून. त्याशिवाय झोपच लागत नाही. आईला सांगितलंस तर मी घरात राहणार नाही."

मी पाणी दिलं. त्याने ग्लासाला हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. "स्वतःची चूक झाकायला माझ्या पोरावर आळ घेतेस?" एवढंच बोलला. आता फोन उचलत नाही. काल ठेंगू दादाची मोटारसायकल घेऊन हॉटेलवरून गेला. मला पाहून मान फिरवली. तो वळणाआड जाईपर्यंत मी हातातली ताटं घेऊन दारातच उभी होते.

आमच्याकडे जेवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "ओरडू नका, एकदम बंदही करायला लावू नका. आधी माझ्याकडे आणा." दादा त्याला नेणार नाही. तुम्हीच न्या.

आईंना या अवस्थेत सोडून येणं तुमच्या जिवावर येईल, हे कळतं मला. म्हणून मालकांकडून रजा घेतली आहे. उद्या सकाळच्या गाडीने मी तिकडे निघते. आईंजवळ मी राहीन, त्यांचं सगळं करीन. तुम्ही तशाच निघा आणि सगळ्यात आधी त्याच्याकडून मोटारसायकलची किल्ली काढून घ्या.

हे पत्र टपालात टाकणार नाही. दारात उभी राहून तुमच्या हातात देईन, कारण त्याच्या आईच्या डोळ्यांत बघून हे बोलायला माझी जीभ रेटणार नाही. वाचून होईपर्यंत मी बाहेरच थांबेन. मग आत घ्या नाहीतर हाकलून द्या, पण त्याच्याकडे जा.

तुम्ही अजून मानलंत तर,
तुमची नणंद